हमीदाचा पायथा

धुळ्याला येऊन हमीदाला वीसेक वर्षं झाली होती, तरी संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेली की तिची नजर आधी उत्तरेकडे जायची. रावेर तालुक्यात, सातपुड्याला अगदी खेटून, सागपाणी म्हणून तिचं माहेर. तिथे अंगणात उभं राहिलं की समोर डोंगर. पाणी शेंदताना डोंगर, भाकरी थापताना डोंगर, भांडण करून दारात बसलं तरी डोंगरच. धुळ्याच्या गच्चीवरून पाण्याच्या टाक्या दिसायच्या, मोबाइलचा टॉवर दिसायचा आणि शेजारच्या प्रमिलाबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडया.

नवरा असलम एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता. तोही तिच्यासारखा तडवी भिल्लच, पण धुळ्यातच जन्मला, तिथेच वाढला. डोंगर म्हणजे त्याच्या लेखी लहानपणी दोनदा लग्नाला गेला होता ती जागा. हमीदा कचेरीजवळच्या एका दुकानात मराठी टायपिंग करायची. दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं, कुणाची तक्रार, कुणाची विनंती. बोटं इतकी सरावली होती की गप्पा मारता मारता पान भरायचं. स्वतःचं असं मात्र तिने कधी एक ओळ टाईप केली नव्हती.

आई गेली त्या वर्षापासून माहेरी जाणं कमी झालं. भाऊ पोटापाण्यासाठी फैजपूरला राहायला गेला, घराला कुलूप लागलं. सागपाणीत तिचं म्हणावं असं एकच माणूस उरलं, वडिलांची बहीण बेबाबाई. हमीदा तिला बेबाफुई म्हणायची.

एकदा गच्चीवर प्रमिलाबाईंनी विचारलं, "हमीदा, राग नको येऊ दे. तू रोजा धरस, ईद करस, मंग तुन्ह आडनाव भिलास्नं कसं शे?"

"आम्ही भिल्लच आहोत, अक्का. आणि मुसलमान पण आहोत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

प्रमिलाबाई कुरडया बाजूला सारून तिथेच बसल्या. मग हमीदा बोलायला लागली. पहाटे मोहाची फुलं वेचायला जायचो, टोपली भरली की बोटांना गोड वास कसा चिकटून राहायचा. आमच्या घरी लग्नाची पहिली हळद नवरीच्या आधी अंगणातल्या जुन्या झाडाला लागायची. नमाज पढून आल्यावर आजा शेताच्या बांधाला हात लावून तोच हात कपाळाला लावायचा. बोलता बोलता अंधारून आलं. प्रमिलाबाई उठताना म्हणाल्या, "हाई बठ्ठं लिखी काढ ना. तुले टाईप येस ना!"

त्या आठवड्यात हमीदाने ब्लॉग उघडला. नाव दिलं 'पायथा'. पहिला लेख मोहाच्या फुलांवर. तो तिने फेसबुकवरही टाकला. दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता उघडून बघते तर नाशिकमधल्या, पुण्यातल्या, कुठकुठल्या तडवी मुलांनी लिहिलं होतं, "आमची आजी पण असंच करायची." "वास आला वाचताना." एकाने नुसतं आपल्या पाड्याचं नाव लिहिलं होतं, बाकी काही नाही. ते एक नाव वाचून हमीदा बसथांब्यावर रडली.

मग ती लिहीतच सुटली. लाकडी दाराच्या कड्या, दादर ज्वारीची भाकरी, पावसाळ्यातल्या रानभाज्या, घरोघरच्या हाका. सगळ्यांनाच ते रुचलं असं नाही. कुणी लिहिलं, या रीती आपल्या नाहीत, हे बंद करा. कुणी उलट बाजूने विचारलं, मग तुम्ही मुसलमान कशाच्या? एका रात्री जेवताना असलम म्हणाला, "लोक काय काय लिहितात, वाचलंस?"

"वाचलं."

"मग कशाला ओढवून घेतेस? गुपचूप राहतोय ते बरंय ना."

"तुमचं बरंय. तुम्हाला काही आठवतच नाही," हमीदा म्हणाली. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, कारण असलम ताटाकडे बघत म्हणाला, "आठवायला आधी असावं लागतं."

त्यानंतर तो तिच्या वाटेला गेला नाही. उलट ब्लॉगवर प्रत्येक नवा लेख आला की वर्कशॉपमध्ये डबा खाताना वाचायचा. तिला ते त्याच्या सोबत्याकडून कळलं.

हमीदाच्या मनात एक गाणं कधीपासून घोळत होतं. मुलगी सासरी निघाली की बायका म्हणायच्या ते. आईच्या तोंडून ऐकलेल्या त्याच्या दोनच ओळी तिला येत होत्या:

मधी नदी आडवी, माय, मधी डोंगर निळा,
तुह्या चुलीचा धूर मले दिसन का वं डोळा?

पुढचं बेबाफुईला येत होतं. आता लग्नात डीजे वाजायचा, गाणाऱ्या बायका एकेक करून गेल्या होत्या. फुईचा आवाज ब्लॉगवर ठेवायचा असं ठरवून हमीदा निघाली. जळगावला गाडी बदलली. सावद्याच्या पुढे केळीने लादलेले ट्रक रस्ता अडवून उभे होते, तिथे गाडी रखडली. रावेरहून रिक्षाने सागपाणी. डोंगर दिसायला लागले तसं तिने पदराने तोंड पुसलं, जणू कुणाला तरी भेटायचं होतं.

फुई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. हमीदाने सगळं सांगितलं, मोबाइल समोर धरला. फुईने मान वळवली.

"पोरगी कुठी हाय?"

"कोणती पोरगी?"

"जिचं लगन हाय ती. पोरगी नही, मांडव नही, अन् मी त्या डबड्यापुढं गानं म्हनू?"

"फुई, जगभरचे लोक ऐकतील."

"जगाले काय वाटे लावाचं हाय मले? हे गानं पोरीले वाटे लावाचं हाय, हमी. बिनालग्नाचं म्हटलं त कोनाचं तरी घर उगाच सुनं होते."

हमीदाने आर्जवं केली, रुसली, जेवण झाल्यावर पुन्हा विचारलं. फुईने तिच्या ओटीत शेंगा घातल्या आणि विषय संपवला. हमीदाला आलेला राग परतीच्या गाडीत मावळला. गाणं न मिळताच ती धुळ्याला आली आणि जे घडलं तेच तिने लिहिलं: तिला येत असलेल्या दोन ओळी, फुईचा नकार आणि नकाराचं कारण. त्याआधीच्या कुठल्याच लेखाला मिळाले नव्हते एवढे वाचक त्या लेखाला मिळाले.

काही दिवसांनी तो लेख वाचून सुरतहून फोन आला. बाईचं नाव शाझिया. मूळ यावलकडची तडवी, नवरा तिथे कापडाच्या लूमवर कामाला.

"ताई, माझ्या लेकीचं लग्न आहे. इथे आपलं कुणी नाही. माझ्या आईने माझ्या वेळी हे गाणं म्हटलं होतं, ती आता नाही. मला ते येत नाही." मग तिने विचारलं, "तुमची फुई फोनवर म्हणेल का? इथे पोरगी आहे. मांडव पण आहे."

लग्नाच्या दिवशी हमीदा सकाळीच सागपाणीला पोचली. गावात नेटवर्क यायचं ते फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या उंचवट्यावर. फुईला हाताला धरून तिने तिथवर नेलं. फुईने नवं लुगडं नेसलं होतं, डोळ्यांत सुरमा घातला होता. लग्नाला निघाल्यासारखीच निघाली होती.

"सुरत कुठी हाय वं?" चढता चढता तिने विचारलं.

"तापी समुद्राला मिळते ना, तिथे."

फुई थांबली. पलीकडे तापीकडे जाणारा ओढा वाहत होता, त्याच्याकडे बघून म्हणाली, "मंग पोरगी आपलंच पानी पेते."

व्हिडिओ कॉल लागला. गर्दी, गलका, दिव्यांच्या माळा. शाझियाने मोबाइल मुलीसमोर धरला. फुईने तोंड जवळ नेलं, मुलीला नीट न्याहाळलं, तिच्या आईचं नाव विचारलं, कारण ते गाण्यात घ्यावं लागायचं. आणि सुरू केलं.

आवाज चिरका होता, मध्येच श्वास अडकत होता. पण पलीकडचा गलका हळूहळू निवला. मुलीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. नदी झाली, डोंगर झाला, धूर झाला आणि फुई हमीदाने कधीच न ऐकलेल्या कडव्यात शिरली. नेमकं त्याच वेळी पडद्यावरचं चित्र थिजलं. शाझियाचा हात अर्ध्यावर, मुलीचे डोळे मिटलेले. कॉल अडकला होता. फुईला ते कळलं नाही. ती डोळे मिटून गात होती. हमीदाने तिला थांबवलं नाही. दोन्ही हातांनी मोबाइल धरून ती नुसती ऐकत राहिली. शेवटच्या कडव्याला चित्र पुन्हा हललं. पलीकडे सगळ्या बायका रडत होत्या.

मधलं कडवं टाकीजवळच्या त्या उंचवट्यावर फक्त हमीदाने ऐकलं. कॉल चालू होता, त्यामुळे तिच्या मोबाइलवरही ते रेकॉर्ड झालं नव्हतं.

"फुई, मधलं परत एकदा म्हणतेस? तेवढंच?"

फुईने डोळे पुसले. "झालं. पोरगी गेली ना? गेलेल्या पोरीमांगं मांडवातलं गानं म्हनत नसता."

हमीदाला त्या कडव्याचे शब्द पुरते राहिले नाहीत, भाव राहिला. मुलगी आईला सांगते, माझ्या वाट्याची भाकरी एकदम थापायची बंद करू नकोस, सवय मोडायला थोडे दिवस घे. 'पायथा'वर तिने तेवढंच लिहिलं.

त्यानंतर असे फोन येत गेले. कधी हमीदाला जाता यायचं, कधी टायपिंगचं काम सोडता यायचं नाही. मग गावातलं कुणीतरी फुईला टाकीजवळ घेऊन जायचं. ते कडवं मात्र फुई प्रत्येक मुलीला वेगळं म्हणायची, त्या मुलीपुरतं.

उन्हाळ्यात हमीदा चार दिवस राहायला गेली. फुई म्हणाली, "तुह्या त्या पायथ्यात काय लिहेल हाय, वाचून त दाखव." हमीदाने ओट्यावर बसून लेख वाचले. फुईने मोहाच्या लेखात दोन चुका काढल्या, बांधाच्या लेखाला मान डोलावली, आजाचं नाव आलं तिथे हसली. मग हमीदाने खालचं लोकांनी लिहिलेलंही वाचलं. खूप आठवण येते. डोळ्यांत पाणी आलं. तो डोंगर स्वप्नात दिसतो. आमचं गाव तिथून जवळच.

फुई ऐकत होती. समोरच्या आळीत बहुतेक घरांना कुलपं होती.

"इतक्या लोकायले आठवन येते?"

"हो ना, फुई. शेकड्यांनी आहेत."

"मंग येत काऊन नही?"

रजा, भाडं, मुलांच्या शाळा, हे सगळं हमीदाच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ती स्वतः तरी चार दिवसांसाठीच आली होती.

धुळ्याला परतल्यावर तिने फुईचा प्रश्न होता तसा लिहिला. त्याखाली एक शब्दही जोडला नाही. त्या लेखाला उत्तरं फार कमी आली. ज्यांनी आधी पानभर लिहिलं होतं तेही गप्प राहिले.

बकरी ईदच्या सुमारास शाझिया लेक-जावयाला घेऊन सागपाणीला येऊन गेली. फुईने त्यांना दादरच्या भाकरी घातल्या, जावयाला ओढा दाखवला. संध्याकाळच्या गाडीने ती माणसं गेली. एक तरुण शिक्षक पुण्याहून येऊन आपल्या आजाच्या घराचं कुलूप तोडून आत बघून गेला, किल्ली कुणाकडेच नव्हती. नवं कुलूप लावून त्याची किल्ली फुईकडे ठेवून गेला.

असलमने एके दिवशी जेवता जेवता म्हटलं, "दिवाळीनंतर मला रजा मिळेल. आठवडाभर जाऊ. मला तो डोंगर नीट बघायचाय."

हमीदाने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर अंधार होता, टॉवरचा लाल दिवा लागला होता.

"थंडीत तो सकाळी उशिरा दिसतो," ती म्हणाली. "धुकं हटेपर्यंत अंगणात बसावं लागतं."