दादांनी पुढे केलेली खुर्ची

परवा नर्सने दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासाने मला कशेळ्याचं माहेर आठवलं. माझ्या वडिलांच्या, दादांच्या अंगाला कायम असाच वास यायचा.

लग्नानंतर वर्षभराने मी भर दुपारी माहेरी गेले होते. दादा ओट्यावर बसले होते.

“कोन पायजे, बाई?” त्यांनी मला विचारलं.

मला वाटलं, प्यायलेत. “ढोंग पुरे झालं, दादा!” मी ओरडले.

आई आतून धावत आली. “महिनाभर थेंब नाय घेतला गं त्यांनी. डॉक्टर म्हनला, दारूनं डोकंच खाल्लं.”

दादांनी खुर्ची पुसून पुढे केली. “बसा, बाई. पानी घ्या. माजी पोरगी यायचीय जीपनं.”

उभ्या जन्मात ते माझ्याशी इतकं गोड बोलले नव्हते. आणि तेव्हाही ते माझ्याशी बोलत नव्हतेच.