‘काय जाहलं?’ विचारणाऱ्या अक्का

रडणारं मूल दिसलं की अक्का आधी खाली बसायच्या. पायरी असो, मैदान असो, नाहीतर नळापाशी पाणी सांडलेलं असो, साडीचा घोळ सावरत सरळ फतकल मारायच्या. मग मुलाच्या तोंडाकडे न बघता, समोर कुठेतरी बघत तमिळमध्ये विचारायच्या, "एन्न आच्चु, कण्णा?" मूल मराठी घरातलं असलं तर तेच मराठीत, त्यांच्या जुन्या तंजावरी वळणानं, "काय जाहलं, बाळा?"

"का रडतेस?" असं मात्र कधीच नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "'का' म्हटलं की लेकरू उत्तर शोधत बैसतं गे. उत्तर चुकेल म्हणून घाबरतं. 'काय जाहलं' म्हटलं की गोष्ट सांगतं."

चेन्नईत, मैलापूरच्या आमच्या शाळेत त्या समुपदेशक होत्या. त्याआधी कित्येक वर्षं तिसरीच्या वर्गशिक्षिका. शाळेत समुपदेशक हवाच असं ठरलं, तेव्हा त्यांनी सुट्ट्यांमध्ये रीतसर शिक्षण घेतलं आणि जिन्याखालची एक खोली त्यांना मिळाली. दारावर पाटी, आत दोन खुर्च्या आणि पंखा. त्या खोलीत अक्का फक्त डबा ठेवायच्या. "या खोलीत जाताना पोर दिसलं की बाकीची म्हणतात, हिचं काहीतरी बिघडलंय. मग कोण येईल?" मधल्या सुट्टीभर त्या नळाजवळच्या पायरीवर बसलेल्या असायच्या. ज्याला यायचं तो यायचा.

मी लग्नानंतर सांगलीहून इथे आले. नवऱ्याची नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात, कंपनीची बस त्याला सकाळी उचलून न्यायची आणि मी शाळेत यायचे. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मला मराठी ऐकू आली तेव्हा मी दचकलेच. "तुझी मराठी फार घाईची आहे," अक्का म्हणाल्या. मी म्हटलं, "आणि तुमची पोथीतली." त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं.

त्या संत होत्या असं समजू नका. मुलांसाठी असलेला त्यांचा धीर मोठ्यांच्या वाट्याला मुळीच यायचा नाही. सभेत कुणी लांबण लावली तर त्या उघड उघड झोपायच्या. पालींना भयंकर भ्यायच्या. पाल दिसली की किंचाळत बाहेर, आणि पहिलीतली पोरं झाडू घेऊन त्यांना वाचवायला आत. "मिसला भीती वाटते," हे पोरं किती प्रेमानं सांगायची!

सानिका माझ्या पाचवीच्या वर्गात होती. वडील माझ्या नवऱ्यासारखेच कारखान्यात, आई शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत. हुशार, बडबडी मुलगी. दिवाळीनंतर तिचं पोट दुखू लागलं. सकाळी प्रार्थनेला दुखायचं, डबा उघडला की दुखायचं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग घरी सगळे म्हणू लागले, शाळा चुकवायची नाटकं आहेत. मी तिला अक्कांच्या पायरीवर नेऊन बसवलं.

पहिले काही दिवस दोघी नुसत्याच बसायच्या. अक्का चकली खायच्या, तिला द्यायच्या. एका दुपारी अक्का माझ्या वर्गाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. "तिचे आजोबा कुठे असतात गे?"

"कऱ्हाडला. रोज संध्याकाळी फोन करतात तिला. तिनेच सांगितलं होतं."

"करत होते. आता करत नाहीत. तिच्या आईबापाला बोलाव."

दोघं आले. वडिलांनी अक्कांकडे बघून इंग्रजीत सुरुवात केली. "मराठीत बोला," अक्का म्हणाल्या. "माझी जुनी आहे, पण चालते. आजोबांचं काय जाहलं?"

आईनं मान खाली घातली. वडील म्हणाले, "दिवाळीच्या सुमारास वारले. माझे वडील. सानिकाला सांगितलं नाही अजून. फोन बिघडलाय म्हणालो. परीक्षा झाली की सांगू."

"तिला न सांगता तुम्ही गावी जाऊन आलात?"

"हो. कामाला गेलो होतो असं सांगितलं. लहान आहे हो ती. तिला झेपणार नाही."

"आत्ता जे चाललंय ते झेपतंय का?"

वडिलांचा चेहरा उतरला, मग तापला. "घरातलं काय सांगायचं ते आम्ही बघू. तुम्ही पोटदुखीचं बघा," म्हणत ते उठलेच. मला वाटलं, संपलं आता. अक्का जागच्या हलल्या नाहीत.

"तिनं मला एक गोष्ट सांगितलीये. ती तुम्हाला सांगू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, आईला सांगा, बाबांना नको."

"मला का नको?"

"बाबा रडतील म्हणाली. बाबा न्हाणीघरात नळ सोडून रडतात, ते तिला ऐकू येतं."

ते उभेच राहिले. मग बसले.

"सांगा. मलाही सांगा," ते म्हणाले.

"शेवटचा फोन आला तेव्हा ती टीव्ही बघत होती. 'नंतर बोलते, सारखा सारखा फोन करू नका,' असं म्हणाली. त्यानंतर फोन आला नाही. तिला वाटतं, आजोबा तिच्यावर रागावलेत. आणि त्यांनी बोलणं टाकलं म्हणून बाबा रडतात."

आईच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. वडील मात्र मोठ्यानं रडले, बापाविना झालेलं लेकरू रडावं तसे. मी कॉफी आणायला उठले, तर अक्कांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. बाहेर सुट्टीची घंटा झाली, पोरांचा कल्लोळ उठला आणि विरला.

"कसं सांगू तिला?" वडिलांनी विचारलं.

"साध्या शब्दांत. देवाघरी गेले, झोपी गेले, असलं काही नको. वारले म्हणा. रागावले नव्हते, हे पहिल्यांदा सांगा. मग ती विचारील तेवढंच. आणि रडू आलं तर तिच्यासमोर रडा. नळ सोडू नका."

शनिवारी वडिलांनीच तिला सांगितलं. सोमवारी ती आली नाही. मंगळवारी आली ती डोळे सुजलेले घेऊन. माझ्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "मिस, माझे आजोबा वारले. ते रागावले नव्हते." पोटदुखी काही त्या दिवशीच गेली नाही. मधूनमधून यायची, मग विसरल्यासारखी झाली. परीक्षेत मार्क कमी पडले, त्याबद्दल घरून कुणी तक्रार केली नाही.

यंदा पोंगलच्या सुट्टीत अक्का गेल्या. तंजावरला बहिणीकडे होत्या, तिथेच हृदयविकारानं. शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मोठ्या वर्गांना सांगू. लहानांना तूर्तास गावीच आहेत म्हणू या." त्यांचेही डोळे भरलेले होते. त्या वाईट बाई नाहीत. मी म्हटलं, माझ्या वर्गाला मी सांगते.

मी वर्गात गेले आणि सांगितलं, अक्का मिस वारल्या. तंजावरला, बहिणीच्या घरी. माझा आवाज फाटला, तो मी सावरला नाही.

मग एकानं विचारलं, "त्यांना दुखलं का?" मी म्हटलं, थोडा वेळ दुखलं असेल, मला नक्की माहीत नाही. दुसरीनं विचारलं, त्यांच्या बहिणीजवळ आता कोण आहे. तेही मला माहीत नव्हतं.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, डोळे पुसत म्हणाला, "त्या माझ्या डब्यातलं आंब्याचं लोणचं चोरायच्या."

"माझ्यापण!" पुढून कुणीतरी ओरडलं. "माझ्यापण!" खिडकीपाशी आणखी एक. बघता बघता सगळा वर्ग लोणच्याच्या फोडी मोजू लागला. नाकं वाहत होती, पोरं हसत होती, हसता हसता पुन्हा रडत होती. दारातून जाणाऱ्या एका शिक्षिकेनं भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्ची मागे सारली आणि पोरांमध्ये, जमिनीवर जाऊन बसले.