नावाआधी थांबणारा बेंजो

हिराजीदादांची आणि माझी पहिली भेट झाली ती आमच्या भिवंडीच्या शाळेत, स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी. पेटी वाजवणारे गुरुजी तापाने आडवे झाले होते आणि मी, मराठीची शिक्षिका, बावीस मुलींचा नाच घेऊन रडकुंडीला आले होते. शिपायाने कुठल्याशा यंत्रमाग कारखान्यातून एका लूम फिटरला बोलावून आणले. हात ग्रीसने काळे, काखेत चादरीत गुंडाळलेला बेंजो. आल्याआल्या त्यांनी वाजवले काहीच नाही. मान वर करून पंख्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "बाई, याचा बेरिंग जानार हाय. पोरींना तिथून सरकवा." संमेलन झकास झाले. पंखा चौथ्या दिवशी बंद पडला.

आज दादांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आणि या गौरवग्रंथासाठी मला 'विस्ताराने पण आवरून' लिहायला सांगितले आहे. संपादक मला चांगले ओळखतात.

दादा मूळचे अंजूरच्या पुढचे, खाडीने वेढलेल्या बेटावरचे. लहानपणी होडीत बसून शाळा गाठता येई. संगीताचा गुरू मात्र होडीनेही गाठता आला नाही. गावच्या बेंजो पार्टीने अडगळीत टाकलेला एक बेंजो त्यांच्या हाती लागला. त्याच्या दोन पट्ट्या मोडलेल्या होत्या. दादांनी त्या सोडून उरलेल्यांवर सगळी गाणी बसवली. पुढे नवा बेंजो आला, तरी त्या दोन पट्ट्यांकडे त्यांचे बोट आजही जात नाही. जाणकार लोक त्यांच्या चालींत निराळी गोडी आहे म्हणतात. ती कशामुळे, हे मी आज फोडून टाकते आहे. दादा रागावतील, रागावोत.

कारखान्यात एका लूमवर रहमतभाई होते. जेवणाच्या सुट्टीत ते कव्वाली म्हणत. दादा त्यांच्याकडून टाळी शिकले, लुमांच्या खटखटीतून ठेका उचलला आणि त्यावर आपल्या बेटावरची लग्नगाणी चढवली. आमच्या पहिल्याच जाहीर कार्यक्रमात हे मिश्रण ऐकून एक विद्वान गृहस्थ म्हणाले, "याला नेमके काय म्हणायचे?" दादा शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्याकडं याला शिफ्ट सुटली म्हनतात."

'आमच्या' कार्यक्रमात म्हटले, कारण मीही त्यांच्या ताफ्यात आहे. निवृत्तीनंतर मी घरात बसून सुनेच्या स्वयंपाकात चुका काढू लागले होते. ही बातमी दादांपर्यंत कशी पोचली कोण जाणे. ते घरी आले आणि म्हणाले, "बाई, आमाला बोलनारं कोनी न्हाय. तुमी चला." तेव्हापासून निवेदन माझ्याकडे आहे. माझे लांबले की दादा एकच तार हळूच छेडतात. माझा पाणउतारा होत नाही आणि श्रोत्यांची सुटका होते. माझ्या सुनेनेही दादांचे मनापासून आभार मानले आहेत.

पण ज्या गोष्टीमुळे मी दादांना मोठे मानते, ती त्यांच्या चुकीची गोष्ट आहे. ती लिहायची परवानगी त्यांनीच दिली, नव्हे, आग्रह केला.

त्यांच्या बेटावर लग्नात धवलारिणी धवला, म्हणजे लग्नविधीचे गाणे, गातात. दोघी ओळ म्हणतात, दोघी ती झेलतात. वाद्य काही नाही. या गाण्यातून देवांना बोलावतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचे नाव घेऊन मांडवात आणतात. सगळे आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. दादांच्या सख्ख्या आत्या, ताराआत्या, गावच्या धवलारीण. दादांच्या मुलीच्या हळदीला आत्या गायला बसल्या आणि दादांनी हौसेने त्यांच्या मागे बेंजो, ढोलकी, स्पीकर सगळे उभे केले. आत्याचा मान वाढावा एवढीच इच्छा होती. मीही तिथे होते, आणि खोटे कशाला बोलू, टाळ्या वाजवत होते.

ठेका धावत होता, त्यामागे आत्या धावत होत्या. मध्येच त्या गप्प झाल्या. बेंजो थोडा पुढे गेला आणि मग थांबला. आत्या म्हणाल्या, "तुजे आयेचा नाव रायला रं, हिराजी. तुजा बाजा थांबला न्हाय, ती दारानच उभी रायली."

दादांची आई ते लहान असतानाच गेली होती. दादा उठले, स्पीकरची वायर स्वतःच्या हाताने काढली, बेंजो चादरीत गुंडाळला आणि आत्यांच्या पुढ्यात मांडी घालून बसले. आत्यांनी धवला पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केला. जेवणे खोळंबली, पाहुणे कुरकुरले. या वेळी आईचे नाव आले तेव्हा दादा लेकीच्या देखत रडले.

त्यानंतर तीन वर्षे दादांनी धवल्याला बेंजो लावला नाही. दर रविवारी ते बेटावर जात आणि आत्यांचे गाणे ऐकत बसत. मी एकदा विचारले, "दादा, आता काय शिकायचे राहिले?" ते म्हणाले, "आत्या श्वास कुठं घेते ते." पस्तिशीपासून ज्यांना लोक उस्ताद म्हणत होते, त्यांना असे मांडीवर बोटे मोजत बसलेले मी पाहिले आहे.

मग त्यांच्या मुलाचे लग्न आले. दादा हात बांधून बसले होते. धवला सुरू करण्याआधी आत्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बाजा कया हाय? आन." दादांनी वाजवले, पण बायका गात असताना एक तारही नाही. त्या श्वास घेत, तेवढ्याच फटीत बेंजो येई आणि पुढच्या नावाआधी थांबे. आज लोक लांबून जो धवला ऐकायला येतात, तो हा.

गेल्या आठवड्यात या ग्रंथासाठी आशीर्वादाचे चार शब्द घ्यायला मी आत्यांकडे गेले. दादाही सोबत होते. आत्यांनी नव्वदी ओलांडली आहे, आवाज अजून खणखणीत. मी वही उघडली, पण त्या बोलल्या पुतण्याशीच. "मी गेल्यावं धवल्यान माजा नाव येल. तवा घाई करू नको."

दादा म्हणाले, "न्हाय करनार, आत्या."

मी वही मिटली. हिराजीदादांना भरपूर आयुष्य लाभो, त्यांची बोटे आणि कान असेच तल्लख राहोत, हे तर मागतेच. पण त्या नावाआधी थांबण्याची पाळी त्यांच्यावर फार, फार उशिरा येवो.