फ्यूजच्या जागी तार

यंदा जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या दाजींनी माझी व्हॅन जाळली. म्हणजे बाहेरून गाडी धडधाकट, आतलं वायरिंग मात्र वितळून गोळा. निळ्या लाइटच्या माळा लावल्यावर फ्यूज उडायला लागला, तर या गृहस्थांनी फ्यूजच काढला आणि त्या जागी तांब्याची तार खुपसली. जयंती माझीही आहे, माळांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण कमरेचं हाड मोडल्यापासून आईला गावच्या प्रवासी जीपमध्ये चढता येत नाही. तळेगावहून शिरूरच्या दवाखान्यात ती याच गाडीनं जाते, हे दाजींना चांगलं ठाऊक होतं.

मी तोंड उघडलं की आई डोळे वटारायची. "जावई हाईत ते. गप बस."

मिस्त्री म्हणाला, गाडी भंगारात घाला. मी भंगारात गेलो, पण घालायला नाही, आणायला. दौंडच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे अशीच व्हॅन होती, मागून ठोकलेली, पुढचं सगळं शाबूत. तिथला कामगार कटर घेऊनच आला. "काट देता हूँ भैया, दो मिनट." तिथं वायर म्हणजे नुसतं तांबं. कापायचं आणि किलोवर विकायचं. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो कटर टाकून चहाला निघून गेला. खरं तर तो राग दाजींवरचा होता. मग भर उन्हात डॅशबोर्डखाली उताणा पडून वायरींच्या जोडाचा एकेक कपलर नखानं सोडवला आणि अख्खं वायरिंग न कापता बाहेर काढलं. प्रत्येक कपलरला दाजींना एक शिवी हासडली.

घरी ते जसंच्या तसं बसवलं, खरे फ्यूज घातले. हेडलाइट लागले तेव्हा ओट्यावर बसलेली आई म्हणाली, "आता मंगळवारी जाऊ दवाखान्यात."

सोमवारी दाजी हजर. पुतण्याची हळद होती, गाडीला लाइटिंग करायचं होतं. वर मलाच हसत म्हणतात, "मेव्हणं, फ्यूज लई नाजूक असत्यात राव. तारच बरी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि आईनं, माझ्या त्याच आईनं, खिळ्यावरची चावी काढून त्यांच्या हातात दिली.

"न्या पाव्हणं. मी जाईन उद्या जीपनं."

जीपनं! दाजींचा चहा होईपर्यंत मी बाहेर जाऊन मेन फ्यूज उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

दाजी बराच वेळ चावी फिरवत बसले. "काय झालं वो हिला?"

"नाजूक असत्यात," मी म्हणालो आणि आत जाऊन आईची औषधांची पिशवी भरून ठेवली.