आभारापुरते सर

उभं राहण्याआधी सर शर्टाचं वरचं बटण लावायचे. मग माईक जरा खाली ओढून म्हणायचे, "दोनच मिनिटं घेतो." आणि खरंच दोनच घ्यायचे. सभेत अशी माणसं किती भेटतात, तुम्हीच आठवून पाहा.

सावेडीतल्या आमच्या वाचनालयात दर महिन्याला एक चर्चा होते. वक्त्यांची यादी माझ्याकडे: नाव, क्रमांक, प्रत्येकी तीन मिनिटं. सर निवृत्त शिक्षक, मंडळात एकटेच ख्रिस्ती. त्यांच्या नावापुढे मी वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आले: आभार. चहावाल्यापासून सतरंज्या घालणाऱ्यापर्यंत ते कुणालाच विसरत नसत. माझी एक काळजी मिटायची.

'सहिष्णुता' हा विषय ठरला, तेव्हा सर घरी आले.

"ताई, या वेळी आभार नको. विषयावर बोलायचंय."

"काय बोलणार, सर?"

"मुलीला इथं भाड्यानं फ्लॅट बघतोय. आडनाव सांगितलं की फ्लॅट दुसऱ्याला दिलेला असतो. चार झाले. भांडायचं नाही मला. लोकांनी एकदा ऐकावं, एवढंच."

मी तिसऱ्या क्रमांकावर नाव लिहिलं.

सभेआधी अध्यक्षांनी यादी पाहिली. "सर विषयावर? कशाला अडचणीत टाकता त्यांना? आपले आहेत ते." त्यांच्या आवाजात खरोखर माया होती. खुर्च्या भरत आल्या होत्या. सभा सुरळीत पार पडावी, एवढंच माझ्या डोक्यात. मी तिसरं नाव खोडलं आणि शेवटी लिहिलं. आभार.

पहिला वक्ता म्हणाला, सहिष्णुता आपल्या रक्तातच आहे. दुसऱ्यानं थेट सरांकडे हात केला. "पुरावा हितंच बसलाय! सर, कधी तरास झाला का तुमाला? तुमी आमचेच हाय की!"

टाळ्या पडल्या. सरांनी बटण लावलं, अर्धवट उठले, माझ्याकडे पाहिलं. मी बोटानं यादीची शेवटची ओळ दाखवली. ते बसले. हॉलमध्ये उकडत होतं, तरी ते बटण त्यांनी काढलं नाही.

शेवटी माईक त्यांच्याकडे आला. चहावाला झाला, माईकवाला झाला, सतरंज्या झाल्या. मग ते थांबले.

"आणि मला सहन केल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार."

हॉल खळखळून हसला. "सर, लई भारी!" अध्यक्षांनी त्यांची पाठ थोपटली. सर कुणाकडेच न बघता चपला शोधत होते.

आठवड्याभरानं मी त्यांच्या घरी गेले. "पुढच्या वेळी पहिलं नाव तुमचं, सर. विषय कुठलाही असू दे."

दारात खोकी बांधून ठेवलेली. "मुलीला कोपरगावात घर मिळालं, ताई. मीही तिकडंच निघालो." आणि सवयीनं म्हणाले, "आलात, आभार."

पुढच्या सभेत पहिलं नाव मी त्यांचंच पुकारलं. खुर्ची रिकामी. मी दुसरं नाव घेतलं नाही.

"ताई, फुडं घ्या की!" मागून कुणीतरी ओरडलं. अध्यक्ष खाकरले. मी घड्याळ पाहिलं. सरांची अजून दोन मिनिटं होती.