वहाळाचे स्वच्छ दगड

आमच्या गावामागचा वहाळ दर उन्हाळ्यात आटतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पाणी बोटाबोटाने उतरतं. दगडांवरचं शेवाळ तेवढ्यात स्वतःला आवरून घेतं, काळं पडून चिकटून राहतं आणि पाणी आलं की चार दिवसांत पुन्हा हिरवं होतं.

यंदा वरच्या फार्महाऊसवाल्याने पोहायचा तलाव भरायला माघातच वहाळ अडवला. पाणी एका रात्रीत गेलं, शेवाळाला आवरायला वेळच मिळाला नाही. ते उन्हात कुजलं आणि करपल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून आलं. त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि वास तर असा की नाक दाबून लांबून जावं.

शेजारच्या सुमनकाकू एरवी धुण्याला जाताना नारळाचं सोडण नेतात. आपल्या एका दगडापुरतं शेवाळ घासतात, बाकीच्याला हात लावत नाहीत. "ते माशांच्या पिल्लांचं जेवण," म्हणतात.

काल फार्महाऊसवाल्यांनी तलाव धुऊन पाणी खाली सोडलं. काकू धुणं घेऊन निघाल्या, मीही गेलो. पाण्याला ब्लीचिंगचा उग्र दर्प होता आणि उरलंसुरलं शेवाळ पांढरंफटक पडलं होतं. फार्महाऊसचा मॅनेजर काठावर उभा होता.

"बघा, दगड कसे स्वच्छ झाले. आता घसरायची भीती नाही, काकू."

त्या कुजक्या वासापेक्षा मला या स्वच्छतेची जास्त शिसारी आली.

काकूंनी पांढऱ्या दगडावरून बोट फिरवलं, हुंगलं आणि धुण्याची बादली तशीच उचलली. घरी पोचेपर्यंत ते बोट त्यांनी पदरालासुद्धा लागू दिलं नाही.