विचारपूस करायला आलेली माणसं

आजारी पोराची विचारपूस करायला येणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. घरोघरी जाऊन आजारी मुलांची शुश्रूषा करणं हे माझं काम. कफाला, जखमेला, उलटीला मी कधी नाक मुरडलं नाही. पण चेहरा पाडून, दारात चपलांचा ढीग घालून आत येणारी ही जमात दिसली, की माझं डोकं फिरतं.

शिवाजी पेठेत एका मुलीकडे मी वर्षभर जात होते. कळंब्याहून स्कूटीवर निघायचं आणि आठच्या ठोक्याला तिथं पोचायचं. मुलगी सात वर्षांची. स्नायूंच्या आजारानं तिला श्वास पेलवत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली होती. नळीत कफ साठला की सक्शन मशीननं तो ओढून काढायचा. नळीमुळं तिला आवाज फुटत नव्हता, पण तिच्या भुवया अशा चालायच्या की बोलणाऱ्यांनी लाजावं.

वडील दुधाच्या टँकरवर, चार-चार दिवस बाहेर. आई चंदगडकडची, जेमतेम दहावीपर्यंत शिकलेली. खरं सांगायचं तर सुरुवातीला मी तिलाही खिजगणतीत धरलं नव्हतं. शाळकरी पोरीला दरडावावं तसं दरडावून सगळं शिकवलं. ती निमूट शिकली.

आणि होता तो चुलता. खालच्याच मजल्यावर राहायचा. वर्षभरात त्यानं पुतणीला एकदा पाणी पाजलं नसेल, पण दर आठवड्याला जिन्यावरून विचारायचा, "सिस्टर, नळी कधी काढायची हो?" त्याला प्रभागातून निवडणूक लढवायची होती. पुतणीत त्याला रस तेवढ्यापुरताच.

एका सकाळी तो फोटोवाल्यासकट पाच-सहा जणांना घेऊन वर आला. सोबत त्याच्या पक्षाचे साहेब, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. मागून दोघांनी एक चाकाची खुर्ची वर आणली. मोठ्या माणसाची खुर्ची! पोरीला मान धरता येत नव्हती, ती त्यात बसणार कशी? पण हे विचारायला आधी पोरीकडे बघायला लागतं.

"सिस्टर, जरा तिचं क्यास नीट करा की. फोटू काढायचाय."

"इतकी माणसं इथं चालत नाहीत. तिला जंतुसंसर्ग होईल."

"अवो, सगळी आपलीच माणसं हायत. कुठलं जंतू?"

साहेबांनी तंबाखू मळलेल्या हातानं तिचा गाल थोपटला. फोटोवाल्यानं खोलीत अंधार आहे म्हणून दिवा लावला. साहेब हसले, चुलता हसला, आणि त्याच वेळी पोरीच्या नळीतून शिट्टीसारखा आवाज आला. तिचे डोळे मोठे झाले, ओठ काळेनिळे पडायला लागले.

मी मशीनचं बटण दाबलं. मशीन गप्प. पुन्हा दाबलं. मग कॉटमागं वाकून वायर शोधायला लागले, तर आमचा प्लग जमिनीवर पडलेला आणि त्या जागी फोटोवाल्याचा दिवा. "दिव्यासाठी प्लग काढला!" मी ओरडले.

आई मशीनकडे बघतसुद्धा नव्हती. तिनं गळ्याची पट्टी सोडली, तुंबलेली नळी बाहेर ओढली, उशाच्या डब्यातली नवी नळी अलगद आत सरकवली. पोरगी जोरात खोकली. कफाचा गोळा नळीतून उडाला आणि साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर बसला. साहेब किंचाळून मागं सरकले. फोटोवाला फोटो काढतच होता.

आई नळी धरूनच म्हणाली, "भावजी, भाईर व्हा."

"वैनी, सायबांच्या म्होरं असं..."

"सायेब असू देत न्हाय तर आणि कोण. दिव्यासाठी माज्या पोरीचा श्वास काढून घेतलासा. समद्यांस्नी घेऊन भाईर व्हा."

गेले सगळे. चुलता जिन्यावरून मलाच म्हणतो, "सिस्टर, तुमी तरी समजवा की तिला." मी त्याच्या तोंडावर दार लावलं. संध्याकाळी त्यानं मोबाइलवर फोटो फिरवलाच. फोटोत खुर्ची पूर्ण दिसत होती, साहेब पूर्ण दिसत होते. पोरगी अर्धी कापली गेली होती.

पण त्या दिवशी मला सगळ्यात जास्त चीड माझीच आली. मशीन बघत बसू नका, आधी नळी बदला, हे तिला मीच बजावलं होतं. तिनं ते मनात कोरून ठेवलं, आणि मी मात्र प्लग शोधत बसले.

दोन महिन्यांनी ती म्हणाली, "ताई, रोज यायला नगो आता. आठवड्यातनं एकदा या." बरोबरच होतं. पोरगी आता घरीच दुसरीचा अभ्यास करते.

परवा एका तान्ह्या बाळाला तशीच नळी बसवून दवाखान्यानं घरी पाठवलं. त्याच्या आईला सगळं शिकवायचं होतं. मी काही न शिकवता, पोरीजवळ वडिलांना बसवून, चंदगडच्या त्या आईला तिथं घेऊन गेले. ती कॉटजवळ बसली आणि पहिलंच वाक्य बोलली, "आधी पै-पावण्यांस्नी दार बंद करायचं. मग शिकीवते."